दगडूचं बिऱ्हाड

दगडू तीस रुपयांना आला. ओवी तेव्हा बालवाडीत होती आणि दगडू तिच्या करंगळीएवढा. दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, प्लॅस्टिकचा एक किल्ला, आणि दुकानदाराने "काका, हाही घेऊन जा, काच साफ ठेवतो" म्हणत पिशवीत टाकलेला हा काळपट, ठिपक्यांचा सकर. पुढे गोल्डफिश एकेक करून गेले, किल्ल्याचा बुरूज ढासळला, ओवी चौथीत गेली आणि दगडू फूटभर लांब झाला. अंदाजाने नाही सांगत, मापला आहे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मापल्याशिवाय चैन पडत नाही.

आता तुम्हीच बघा. टँकची रुंदी एक फूट, माशाची लांबी एक फूट. तो वळणार कसा? बोळात अडकलेल्या ट्रकसारखा पुढे-मागे, पुढे-मागे करत वळायचा. आणि एका रात्री वळता वळता त्याने शेपटीचा असा तडाखा दिला, की झाकण उडालं, पाणी थेट खालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर सांडलं आणि घरातली वीज गेली. रात्रीचे दोन वाजले होते. अंधारात चिरंजीवांचा आवाज आला, "बास! हा मासा उद्या घराबाहेर."

सकाळी चहाबरोबर सभा भरली. आमची ही देहूकडची. लहानपणी इंद्रायणीच्या डोहात माशांना चुरमुरे टाकलेले, त्यामुळे तिच्या लेखी मासा म्हणजे नदीचं लेकरू. "सोडून द्या मुठेत. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल." सूनबाई म्हणाल्या, दुकानात परत देऊ. चिरंजीवांनी मधला मार्ग काढला: रविवारी खडकवासल्याला जायचंच आहे, भजी खाऊ, कणीस खाऊ, येताना दगडूला सोडून येऊ. ओवीचे डोळे आधी भरले, मग चमकले. "खडकवासल्याला खूऽऽप पाणी आहे ना आबा? तिथे त्याला वळता येईल."

नऊ वर्षांच्या पोरीने मांडलेला मुद्दा बिनतोड होता. तिला एका वाक्यात "नाही" म्हणून भागलं नसतं. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या रात्री जेवणं झाल्यावर दिवा मालवून ओवीला टँकपुढे बसवलं.

"आधी हा कोण आहे ते तर बघ. चार वर्षं घरात आहे, तू कधी त्याच्या डोळ्यात बघितलंयस?"

हातात छोटी विजेरी. मी ती हळूच दगडूच्या डोक्यापाशी नेली. अंधारात त्याची बाहुली गोल, काळीभोर होती. उजेड पडला तशी वरून एक बारीकशी झालर खाली सरकली. बाहुलीच्या मधोमध पडदा यावा तशी. उरली फक्त कडेकडेची काळी कमान, घोड्याच्या नालेसारखी. विजेरी बाजूला केली, झालर वर गेली. ओवीने तो खेळ सात-आठ वेळा केला, शेवटी दगडूच कंटाळून मागे सरकला.

"याला पापण्या नाहीत. तुझ्या डोळ्यावर ऊन आलं की तू डोळे मिटतेस. हा मिटणार कशाने? म्हणून बुबुळालाच पडदा. ग्रीक लिपीत ओमेगा नावाचं अक्षर आहे, त्याच्यासारखी ही कमान दिसते, म्हणून शास्त्रज्ञ याला ओमेगा बुबुळ म्हणतात. आणि काळीभोर गोल बाहुली म्हणजे शत्रूला लांबून दिसणारी खूणच की. ती झाकली, की हा नुसता दगड."

"म्हणून मी दगडू ठेवलं होतं नाव," ओवी म्हणाली. नाव तिने ठेवलं होतं हे खरं. कारण मात्र तेव्हा वेगळं होतं, असो.

मग मी तिला गोष्ट सांगितली. लांब तिकडे दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन आणि ओरिनोको नावाच्या दोन अजस्र नद्या आहेत. पावसाळ्यात त्या काठ सोडून रानात शिरतात, झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात. आणि पाणी ओसरलं की मागे डबकी उरतात. त्या डबक्यांत मगरीच्या जातीतले केमन टपलेले, वरून बगळे. पाणी तापतं, कुजतं, त्यातला प्राणवायू संपत जातो. बाकीचे मासे तोंड वर करून तडफडायला लागतात. दगडूच्या पूर्वजांनी अशा जागी संसार मांडला. त्यासाठी अंगावर चिलखत चढवलं. खवले नव्हेत हे, हाडाच्या पट्ट्या आहेत, कौलं रचावीत तशा एकावर एक. परांना पुढे टोकदार काटे. काटा ताठ केला की सांध्यात असा अडकून बसतो, की मोडेल पण वाकणार नाही.

"आणि श्वास?"

"तो पोटाने घेतो."

ओवीने माझ्याकडे असं बघितलं, की आजोबा आता थापांवर उतरले. पण खरंच आहे ते. पाण्यात प्राणवायू पुरेसा असला, की हा इतर माशांसारखा कल्ल्यांनी श्वास घेतो. कमी पडायला लागला, की पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट गिळतो आणि सरळ खाली जातो. त्याच्या जठराची भिंत पातळ असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो. ज्या पोटात जेवण, त्याच पोटात फुप्फुस! अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही काही तास काढतो.

आणखी एक कोडं होतं, ते ओवीनेच काढलं. "तो तोंडाने काचेला चिकटतो. मग पाणी आत कुठून घेतो?" माझी नोकरी कालव्यांवर गेली, त्यामुळे हा प्रश्न मला फार आवडला. झडप बंद आणि प्रवाह चालू, हे जमवायचं कसं? तर त्याच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांना छोट्या मिशा आहेत ना, त्यांच्या मागे एकेक बारीक खाच असते. तेवढ्या खाचेतून पाण्याची धार आत जाते, कल्ल्यांवरून बाहेर पडते, आणि ओठांची पकड सुटत नाही. आमच्या खात्यात असा दरवाजा कुणी बनवला असता तर त्याला बढती मिळाली असती.

दुसऱ्या रात्री ओवी स्वतःच उशी घेऊन आली. तिच्या डोक्यात दिवसभर काहीतरी शिजत होतं.

"आबा, दगडू एवढा शूर आहे तर खडकवासल्यात त्याला काहीच होणार नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "तीच तर अडचण आहे."

इथे मला नकाशा काढावा लागला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलने. हे खडकवासला, इथून मुठा निघाली. विठ्ठलवाडी, राजाराम पूल, म्हात्रे पूल, ओंकारेश्वर. संगमावर मुळा भेटली. दोघी मिळून पूर्वेला गेल्या आणि रांजणगाव सांडसला भीमेत मिसळल्या. भीमा पुढे उजनीच्या धरणात शिरली, तिथून निघून पंढरपूरला चंद्रभागा झाली आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळाली. कृष्णा पार समुद्रापर्यंत.

"म्हणजे दगडू वारीला जाणार?"

"एकटा गेला असता तर हात जोडले असते. पण तो एकटा नसतो गं."

पुण्यात घरटी नाही म्हटलं तरी सोसायटीगणिक एखादा टँक आहे. प्रत्येकाचा सकर कधी ना कधी फूटभर होतो, आणि प्रत्येकाच्या घरात एक आजी असते. दोन दगडू भेटले की संसार. यांची घर बांधायची रीत ऐकण्यासारखी आहे. नर नदीच्या मातीच्या काठात, पाण्याखाली, आडवं बीळ खणतो. चांगलं हातभर, कधी मीटरभर खोल. मादी आत शेकडो अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत पहाऱ्याला बाप. या बापाचं मला कौतुक आहे. पण काठावर अशी शे-दोनशे बिळं झाली, की काठ चाळणीसारखा होतो आणि ढासळायला लागतो. फ्लोरिडात कालव्यांचे आणि तळ्यांचे काठ यांनी पोखरलेले आहेत. 27 सप्टेंबर 2018 ला आपला मुठा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं गेलं होतं. त्यांनी तो फोडला की नाही, यावर मी निवृत्त माणूस बोलणार नाही. फक्त एवढंच म्हणतो, की त्या यादीत आणखी एका नावाची भर आपल्या हाताने घालू नये.

उजनीच्या कोळ्यांना हा मासा आता चांगला ठाऊक झालाय. जाळं ओढावं तर चिलापीच्या जोडीला हे काटेरी धूड अडकलेलं. काटे ताठ करून बसतो, सोडवायला जावं तर जाळं फाटतं, हात रक्तबंबाळ होतात, आणि एवढं करून बाजारात त्याला कुणी विचारत नाही. (चिलापी तरी कुठे आपली! तीही आफ्रिकेतून आलेली. पण ती खाल्ली जाते, त्यामुळे तिला घरात घेतलं गेलं. माणसांचा न्याय हा असा.) मेक्सिकोतले कोळी याला सैतान मासा म्हणतात. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर तर पाणकोळ्यांनी हा मासा गिळला, काटे घशात आडवे गेले आणि पक्षी मेले. ज्या चिलखतामुळे तो केमनच्या तोंडून वाचायचा, ते चिलखत त्याने इथेही अंगावर ठेवलंय. इथे त्याला केमन भेटला नाही, एवढाच फरक.

हैदराबादला सीसीएमबी नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हा मासा कुठे कुठे पोचलाय ते शोधायची एक भारी युक्ती काढली. जाळं नाही, गळ नाही, मासा बघायचासुद्धा नाही. तळ्यातलं पाणी घ्यायचं आणि गाळायचं. मासा पाण्यात हिंडतो तेव्हा त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, विष्ठा, झडलेल्या पेशी पाण्यात उतरतात. त्यात त्याचा डीएनए असतो, म्हणजे सहीच म्हण ना. ती सही वाचून त्यांनी सांगितलं, की पूर्व घाटात तपासलेल्या जलाशयांपैकी 60 टक्के ठिकाणी हे महाशय हजर आहेत.

ओवी बराच वेळ गप्प होती. मग तिने असा बाण मारला, की मी सावरून बसलो. "आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा. गप्पी पण बाहेरचेच आहेत. ते सोडलेले चालतात?"

आता याला काय म्हणावं! गप्पीसुद्धा दक्षिण अमेरिकेतलाच. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपण तो गावोगाव नेला. बांधलेल्या हौदात, वापरात नसलेल्या टाकीत तो ठीक आहे, कारण तिथून तो कुठे जात नाही. पण ओढ्या-नाल्यांत, नदीत सोडला तर तोही हातपाय पसरतोच, आणि पसरला आहेच. "तुझं म्हणणं खरं आहे," मी कबूल केलं, "मोठ्या माणसांचंही हे करून झालंय." आजोबांनी हार मान्य केली की नातवंडांना जो आनंद होतो, तो तिच्या तोंडावर मावत नव्हता.

तिला मी मग आपल्या मुठेतल्या एका माशाची गोष्ट सांगितली. याचं नाव मळ्या. लहान चणीचा. डोंगरातून धो धो येणाऱ्या ओढ्यात दगडांवर राहतो. हनुवटीखाली एक चकती असते, ती दगडावर दाबली की पाण्याचा लोंढा आला तरी हा जागचा हलत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. म्हणजे दगडूचाच उद्योग, पण हजारो वर्षं सह्याद्रीच्या पावसाशी जमवून घेतलेला. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सायक्स नावाचा इंग्रज कर्नल सरकारी माहिती गोळा करत दख्खनभर हिंडला. हिंडता हिंडता त्याने इथल्या कोळ्यांकडून मासे मागवले, त्यांची नावं विचारली आणि 1839 साली लंडनमध्ये ती छापली. बहाद्दराने लॅटिन नावं ठेवताना आपल्याच लोकांचे शब्द उचलले. त्यामुळे आज जगातला कुठलाही शास्त्रज्ञ मळ्याला 'गारा मुल्या' म्हणतो, शिंगटीला 'मिस्टस सींगटी' म्हणतो, आणि आजीच्या इंद्रायणीतल्या डोहातल्या महसीराला 'टोर खुद्री'. हा खुद्री त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता.

"म्हणजे लॅटिनमध्ये मराठी?"

"कोळ्यांची मराठी."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला होता. हिचं लक्ष इकडेच होतं, हे मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून मुठेतल्या पुण्याचा विषय तिने काढला नाही.

तिसऱ्या रात्री गोल्डफिशची आठवण निघाली. ते बिचारे नदीत नक्की मेले असते ना, असं ओवीला वाटत होतं. गोल्डफिश आणि बिचारा! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. तिथल्या बर्न्सव्हिल नावाच्या गावाने 2021 मध्ये लोकांना हात जोडून सांगितलं, की बाबांनो, पाळलेले गोल्डफिश तळ्यात सोडू नका. आणि सोबत फोटो दिले ते हातात न मावणाऱ्या गोल्डफिशचे. टँकमध्ये बोटाएवढा राहणारा मासा मोकळ्या तळ्यात फुटबॉलएवढा होतो, गाळ उकरून पाणी गढूळ करतो. बर्फाखाली प्राणवायू संपला तरी मरत नाही. अशा वेळी त्याच्या स्नायूंत घातक आम्ल साठायला हवं, आपल्या स्नायूंत साठतं तसं. हा त्या आम्लाची चक्क दारू करतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. याचा एक चुलतभाऊ आहे, क्रुशियन कार्प. गोठलेल्या तळ्यात त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलंय. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला 30 पर्यंत मुभा आहे.

"पण मासा कुठे गाडी चालवतो!"

"चालवतो की." इस्राएलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या लोकांनी चाकांवर पाण्याची टाकी बसवली, वर कॅमेरा लावला. मासा ज्या दिशेला पोहेल, त्या दिशेला गाडी जाईल अशी सोय केली. सहा गोल्डफिशना शिकवलं, आणि ते खोलीतल्या गुलाबी फळीपर्यंत गाडी नेऊन खाऊ मिळवायला लागले. 2022 मध्ये ते छापून आलं. त्या रात्री ओवी हसता हसता गादीवरून खाली पडली, आणि सूनबाईंनी दोघांना झोपायला पाठवलं.

गोष्टी सांगून मासा हलत नाही. दिवसा माझं दुसरं काम चालू होतं. ज्या दुकानातून दगडू आला, तिथल्या पोऱ्याने हात झटकले. "काका, सकर तर नकोच. रोज दोघं-तिघं येतात." शेजारचा म्हणाला, लहान असता तर घेतला असता. तिसरा भला माणूस होता. म्हणाला, ठेवून घेतो, पण विकला जाईपर्यंत कुठल्या टँकमध्ये राहील ते सांगत नाही. त्याचे टँक मी बघितले. त्यापेक्षा आमचा बोळ बरा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, तर एकोणीस जणांनी अंगठा दाखवला आणि एकाने विचारलं, "खायला कसा लागतो?"

चिरंजीवांना मी एकदा बाजूला घेऊन तेही सांगितलं, जे ओवीला सांगितलं नाही. काहीच जमलं नाही तर त्याला शांतपणे निरोप देता येतो. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने मासे बधिर होतात. माशांचा अभ्यास करणारे ते थोडं वापरतात, आणि जास्त दिलं तर मासा झोपेतच जातो. नदीत सोडण्यापेक्षा मला ते कमी पाप वाटतं. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. "बाबा, तुम्ही त्याला उजेडात डोळा मिटताना बघितलंय. तुमच्याने होईल?" नसतं झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्यांनी स्वतः सतरा फोन केले.

त्यातला एक लागला. त्यांच्या मित्राची बहीण सिंहगड रोडला दातांची डॉक्टर. दवाखान्यात बाहेर बसलेल्या लोकांची भीती जावी म्हणून सहा फुटी टँक, आणि त्यात फक्त दोन म्हातारे ऑस्कर मासे. मी टेप घेऊन गेलो. सहा बाय दोन बाय दोन, चोवीस घनफूट, म्हणजे 680 लिटर. आमचा होता 56 लिटरचा. तळाशी एक मोठं, पाण्यात मुरलेलं लाकूड, खाली अंधारी कपार. शिवाय ऑस्कर हाही ॲमेझॉनचाच. हे तर गाववाले निघाले! डॉक्टरीणबाईंनी माझी उलटतपासणी घेतली. काय खातो, कधी खातो, आजारी पडला होता का, किती मोठा होईल. "दीड फूट धरून चाला," मी म्हणालो, "आणि काच साफ करेल या भ्रमात राहू नका. लहानपणी करतात. मोठे झाले की नुसते खातात आणि घाण करतात." त्या म्हणाल्या, "माहीत आहे, आमच्या कॉलेजच्या होस्टेलवरही असंच होतं."

शनिवार ठरला. आदल्या दिवशी दगडूला उपास. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी खराब होत नाही. त्याला जाळीने पकडायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. काटे जाळीत अडकले की त्याचेही हाल आणि आपलेही. प्लॅस्टिकची पिशवी तर तो मिनिटात फाडणार. म्हणून वीस लिटरची झाकणाची बादली घेतली, निम्म्याच्या वर टँकमधलंच पाणी भरलं, झाकणाला भोकं पाडली आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावला. मग मोठा डबा पाण्यात बुडवून दगडूच्या पुढ्यात आडवा धरला आणि मागून हलकेच ढोसलं. डब्यात शिरता शिरता तो बोलला. हो, बोलला. करकर, करकर, जुन्या दाराची बिजागरी वाजावी तसा. परांचा काटा सांध्यावर घासून हे मासे असा आवाज काढतात, पकडलं गेल्यावर.

"तो ओरडतोय!" ओवीने माझा दंड पकडला.

"शिव्या देतोय. ऐकू नकोस."

गाडीत बादली ओवीच्या पायांत. मांडीवर तिने लिहिलेला कागद: काकडी आवडते. दोडका उकडून. बिया काढून. रात्री द्यायचं, दिवसा लाजतो. विजेरी लावून डोळ्यात बघितलं तर पडदा पाडतो पण रोज करू नका.

राजाराम पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. आमच्या शेजारी एका स्कूटरवाल्याने कडेला गाडी लावली आणि डिकीतून निर्माल्याची फुगलेली पिशवी काढून कठड्याच्या जाळीवरून खाली भिरकावली. मग पाठोपाठ हात जोडले. खाली मुठा होती, जलपर्णीने हिरवीगार झालेली. ती जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतलीच, शोभेसाठी म्हणून आणलेली. पण मी काही बोललो नाही. ओवी त्या पिशवीकडे बघत होती. मग तिने दोन्ही तळवे बादलीच्या झाकणावर ठेवले आणि पूल संपेपर्यंत दाबून धरले.

दवाखान्यात पोचल्यावर लगेच ओतायची घाई केली नाही. दर पाच मिनिटांनी त्या टँकमधलं एक भांडं पाणी आमच्या बादलीत. अर्धा-पाऊण तास हेच. बाहेर बसलेल्या पेशंटांना दाढदुखीचा विसर पडला. एका आजोबांनी तर नंबर आला तरी "पुढच्याला पाठवा" सांगितलं. हवेत लवंगेचा तो वास होता, दातांच्या दवाखान्यात असतो तो. आमच्या चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

शेवटी बादली तिरकी केली. दगडू बाहेर आला, थबकला. एक ऑस्कर पुढे झाला, हुंगल्यासारखं केलं आणि काट्याकडे बघून मागे फिरला. दगडू टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला, काचेपाशी पोचला, आणि वळला. एका झटक्यात. पुढे-मागे न करता.

परत आल्यावर घरात टँकच्या जागी चौकोनी डाग उरला होता. हिने तिथे तुळशीची कुंडी ठेवून बघितली. उजेड नाही म्हणून परत गॅलरीत नेली.

पंधरा दिवसांनी ओवीची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की पलंगाखाली लपणारी पोर स्वतःहून चपला घालून दारात उभी. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला, दिवा पाडला, एकेक दात वाजवून बघितला.

"सगळे ठणठणीत आहेत गं. कुठे दुखतंय?"

ओवीची मान टँककडे वळलेली होती. दगडू लाकडाखाली होता, नुसती शेपटी दिसत होती.

"आता नाही दुखत," ती म्हणाली. "पण पुढच्या शनिवारी दुखणार आहे. रात्री चालेल का? तो तेव्हा बाहेर येतो."